बाबांचा आवाज तिने मागितला

ती पुण्याहून आली तेव्हा मी कृषी खात्यात चांगली मुरले होते. इंदूरच्या आसपासची गावं माझ्याकडे होती. बसने जायचं, बांधावर उभं राहून सोयाबीनची पानं उलटी करून बघायची, इल्ली, म्हणजे अळी, दिसली की काय करायचं ते सांगायचं, आणि संध्याकाळी धुळीने भरलेल्या चपला घेऊन बड़ा गणपतीजवळच्या आमच्या वरच्या मजल्याच्या खोल्यांत परत यायचं. घर माझ्याच पगारावर चालत होतं. बाबा ज्या कापड मिलमध्ये टाइम ऑफिसात क्लार्क होते, ती मिल बंद पडली होती. शहरातल्या बाकीच्या मिलाही एकेक करून बंद होत होत्या. सकाळी भोंगे वाजेनासे झाले आणि आमच्या गल्लीतले पुरुष दिवसभर घरात दिसायला लागले.

बाबाही त्यांच्यातलेच. गॅलरीत खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसायचे. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची, औषध घेतलं का विचारलं तर "हूं." आजारी नव्हते. बोलत नव्हते, एवढंच. आई म्हणायची, "असू दे. मिल गेली ना, जीव तिथेच अटकून राहिला आहे त्यांचा." मीही ते मान्य करून टाकलं होतं.

त्या सुमाराला सरकार आणि एक मोठी कंपनी यांनी मिळून गावागावांत कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं. कंपनी सोयाबीन खरेदी करून तेल काढायची. कॉम्प्युटर, बॅटरी आणि छतावरची डिश कंपनीची. शेतीचा सल्ला आणि गावांची ओळख आमच्या खात्याची. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी तो कॉम्प्युटर ठेवायचा. त्यावर मंडीचे भाव दिसणार, हवामान दिसणार आणि दर हप्त्याला पिकाचा सल्ला दिसणार. तो सल्ला लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. इतकी वर्षं मी लिहिलेली माहितीपत्रकं ऑफिसच्या कपाटात पिवळी पडत होती. आता माझं लिहिणं थेट गावात दिसणार होतं.

कंपनीच्या बाजूने हे काम बघायला जी आली, ती ही पुण्याची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिला आमच्याच ऑफिसात, माझ्या शेजारी टेबल मिळालं. तिची खुर्ची कंपनीने पाठवली होती, चाकांची, पाठीला टेकू असलेली. माझी खुर्ची वेताची, तिची बसायची जाळी मधोमध फाटलेली. मी तीवर जुनी उशी टाकून बसायचे. कंपनीची जीप तिला घेऊन जायची, मी बसच्या टाइमावर निघायचे. आमचे साहेब, जे मला "मॅडम, वो फाइल" एवढंच म्हणायचे, ते तिच्या टेबलापाशी येऊन चहा पीत उभे राहायचे. हे सगळं मी पाहिलं आणि मनात ठेवलं. तोवर ते सहन करता येईल एवढंच होतं.

तिला माणसांशी वागता येत होतं, हीच अडचण होती. ती उद्धट असती तर मला सोपं गेलं असतं. पहिल्याच आठवड्यात तिने आपली चाकांची खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हटलं, "आपण दोघी आलटून पालटून वापरू." मी म्हटलं, "नको, मला आदत आहे हिची." ती हसली. "आदत" या शब्दाला हसली. नंतर मला म्हणाली की तुम्ही लोक "होऊन राहिलं, करून राहिलं" म्हणता ते मला फार गोड वाटतं. मला काही ते गोड वाटलं नाही.

ती राऊकडे एका नव्या कॉलनीत खोली घेऊन राहत होती. डब्याचं जेवण तिला बाधायचं. हे मी घरी बोलले आणि आई मागेच लागली. "अगं, एकटी पोर आहे, रविवारी घेऊन ये जेवायला." म्हणजे तिला आमच्या घरी मीच आणलं. तिने स्वतःहून कधी पाऊल टाकलं नव्हतं.

त्या रविवारी ती जेवायला बसायच्या आधी भिंतीवरच्या एका फोटोपाशी थांबली. फोटोत ट्रकवर सजवलेली मिलची झांकी होती, लाइटिंगची, आणि तिच्या कडेला माइक धरलेला एक तरुण माणूस. अनंत चतुर्दशीला इथल्या मिलांच्या झांक्या निघतात. आमच्या मिलची झांकी निघाली की तिच्यावर जी कथा रचलेली असेल ती भोंग्यावरून लोकांना सांगायचं काम बाबांचं असायचं.

"काका, हे तुम्ही?" तिने विचारलं.

बाबांनी मान हलवली. मी पाणी वाढत होते. मला माहीत होतं की विषय इथे संपणार.

"काय सांगायचात तुम्ही तेव्हा? म्हणजे, सुरुवात कशी करायचात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाकरले. आणि बसल्या जागी, ताटाकडे बघत, हळू आवाजात माळवीत सुरू झाले, "सुणो रे भई होन, सुणो री बेण होन..." पुढच्या वाक्याला आवाज वर गेला, मग आणखी वर. द्वारपाल आले, राक्षस आला, राक्षसाची मान कशी हलते ते आलं. आई स्वयंपाकघरातून हातात झारा तसाच घेऊन बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मिल बंद झाल्यापासून बाबांना इतकं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं.

ती टाळ्या वाजवायला लागली. बाबा हसले. "बस बेटा, आता जेव," म्हणाले.

बेटा ते मला म्हणायचे. लहानपणापासून फक्त मला. त्या दिवशी मी पोळी वाढायला वाकले होते, ती तशीच वाकून राहिले.

मग दर रविवारी ती यायला लागली. शनिवारपासून बाबा दाढी कधी करायची याचा विचार करायचे. गॅलरीतून उठून, जिना उतरून, कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्यासाठी कचोरी आणायला जायचे. तिथे दुकानदाराशी दोन शब्द बोलायचे, वाटेत एखादा जुना मिलवाला भेटला तर थांबायचे. आई खूश होती. मला म्हणाली, "तिच्यामुळे उठले तरी खुर्चीतून."

"आणि बसले कोणामुळे होते?" मी म्हटलं.

"तुझ्यामुळे म्हटलं का मी?" आई म्हणाली. "तू असं काय बोलून राहिली आहेस?"

पण रोज सकाळी बाबांच्या गोळ्या मी काढून ठेवत होते, त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मी सुट्टी टाकली होती, आणि त्यांचं हसणं मात्र ती येऊन घेऊन जात होती. मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो खुर्चीचा किंवा जीपचा नव्हता हे आता मला कळलं होतं.

इकडे कॉम्प्युटरचं काम नीट चाललं नव्हतं. हातोदच्या बाजूच्या एका गावात आम्ही दोघी गेलो तेव्हा ते ध्यानात आलं. कॉम्प्युटर ठेवला होता गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरी, कारण पक्की खोली आणि वीज त्याच्याकडेच होती. ज्यांच्याकडे जमीन जास्त तेच ओट्यावर चढून आत येत आणि भाव बघून जात. ज्यांच्याकडे बिघा-दोन बिघे, ते रस्त्यावर उभे राहत. त्यांच्यातल्या एकाला मी म्हटलं, "भिया, अंदर आओ, देखो।" तो म्हणाला, "कई देखां, बाई? वांचणो तो आवे नी।" वाचताच येत नव्हतं त्याला. आणि आलं असतं तरी त्या ओट्यावर तो चढला नसता. माझा सल्ला आत पडद्यावर चमकत होता आणि ज्याला हवा तो बाहेर उन्हात उभा होता.

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "भोंगा लावू या. घराच्या भिंतीला, रस्त्याकडे तोंड करून. सल्ला बोलून सांगायचा. कोणाला चढायला नको आणि वाचायला नको."

मला ते पटलं. मी मनात म्हटलं, हे चांगलं सुचलं हिला. आणि मग ती म्हणाली, "आवाज काकांचा घ्यायचा."

"कोणत्या काकांचा?"

"आपल्या काकांचा. तुमच्या बाबांचा."

तिने मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. आणि रविवारी तिने थेट बाबांनाच विचारलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते खरंच आधी नाही म्हणाले, आणि असं म्हणाले की आईनेही वर पाहिलं. "भोंग्यावर मी बोलत नाही आता." ती म्हणाली, "बरं काका." पुढच्या रविवारी तिने विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी स्वतःच तिला खाली जिन्यापर्यंत सोडलं, बराच वेळ खालीच होते, आणि वर येऊन मला म्हणाले, "तुझा तो कागद आण. काय लिहितेस ते बघू दे."

ऑफिसच्या मागच्या खोलीत, जुन्या फायली ठेवायच्या तिथे, तिने भिंतींना पोती टांगली म्हणजे आवाज घुमणार नाही. कंपनीचा माइक आला. बाबा धोतर-शर्ट घालून, चश्मा पुसून बसले. माझा कागद त्यांच्या हातात. मी शुद्ध हिंदीत लिहिलेलं, खात्यात लिहितात तसं: "कृषक बंधु घबराएं नहीं। यदि सोयाबीन के तने पर दो चक्र दिखाई दें और ऊपर का भाग सूखने लगे तो उस भाग को तोड़कर नष्ट करें।"

बाबांनी ते मनात वाचलं आणि मग बोलले. "सुणो रे भई होन। सोयाबीन की डांडी पे दो कड़ा दिखे, जाणे कोई ने चूड़ी पेराई दी, ने ऊपर को हिस्सो मुरझाई जाय, तो समझजो के भीतर कीड़ो बठ्यो हे। उतरो हिस्सो तोड़ो ने गाड़ी दो। दवई को खर्चो अभी मती करो।"

बांगड्या घातल्यासारखी दोन कडी. मी कित्येक वर्षं ती दोन चक्रं बघत होते, मला बांगड्या कधी सुचल्या नव्हत्या. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघा कसं सांगितलं." मी म्हटलं, "माहिती तीच आहे." तीच होती, माझीच होती. फक्त माझं पहिलं वाक्य त्यांनी गाळलं होतं, "घबराएं नहीं." पुढच्या हप्त्यालाही गाळलं. पांढऱ्या माशीच्या वेळी मी मुद्दाम मधल्या ओळीत घातलं, तिथूनही काढलं. मला राग यायला लागला. लेकीने लिहिलेलं वाक्य नीट वाचवत नाही का यांना, असं वाटायचं. पण तिच्यासमोर विचारायचं नव्हतं, आणि घरी विचारलं तर पुन्हा "हूं" मिळेल अशी भीती होती.

भोंगे लागले. सीडी जीपमधून गावोगाव जायला लागल्या. आणि ते चाललं. खरोखर चाललं. संध्याकाळी शेतातून परतणारी माणसं भोंग्याखाली थांबायची. बायका डोक्यावरचा भारा खाली न ठेवता उभ्या राहून ऐकायच्या. पेरणीच्या आधी ओल्या पोत्यात बी गुंडाळून उगवण बघायची युक्ती मी लिहिली आणि बाबांनी सांगितली, तर ज्यांनी कधी केली नव्हती अशा लोकांनी ती करून बघितली. बियाणं खराब निघालेलं त्यांना पेरण्याआधीच कळलं. भोपाळहून साहेब लोक बघायला आले. सरकार आणि कंपनी हातात हात घालून गरीब शेतकऱ्यापर्यंत कसे पोचतात यावर तिने पडद्यावर चित्रं दाखवून भाषण केलं. माझं नाव तिने आवर्जून घेतलं. टाळ्या मात्र बाबांचा आवाज ऐकवला तेव्हा वाजल्या.

मग एकदा ती बाबांना जीपमधून त्या हातोदकडच्या गावात घेऊन गेली. लोकांना बघायचं होतं की आवाजवाला माणूस कोण. मीही होते, मागच्या सीटवर, पाण्याची बाटली आणि बाबांच्या गोळ्यांची थैली घेऊन. गावात जीप थांबली आणि बाबांनी खाली उतरून "राम राम भई होन" म्हटलं तर सगळे हसायलाच लागले, आवाज ओळखला म्हणून. खाट आली, चहा आला. एक म्हातारी पुढे आली. तिच्याकडे थोडीशी जमीन होती आणि मुलं मजुरीला गेली होती, ती एकटीच करत होती. तिने बाबांना सांगितलं की तुम्ही बोलता ते मी रोज ऐकते, ऐकून ऐकून पाठ झालंय. मग तिने बाबांच्या शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या मुलीकडे पाहिलं.

"या थारी छोरी हे?"

बाबा हसले. पुण्याच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हां, छोरी ज समझो।"

मी जीपच्या दाराशी होते. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मी कोण असेन ते तिला कळलं नाही, आणि ती परत बाबांकडे वळली. मी थैलीतून बाटली काढली आणि पाणी प्यायले, कारण काहीतरी करायला हवं होतं.

त्या संध्याकाळी घरी मी बोलले. आईसमोरच.

"बाबा, छोरी मी आहे तुमची. मी तिथे उभी होते."

"अगं, ती म्हातारी विचारत होती, मी बोलून गेलो. त्यात काय एवढं?"

"तिच्याशी तुम्ही तास तास बोलता. माझ्याशी 'हूं' म्हणता."

बाबा म्हणाले, "तू मला काय विचारतेस? गोळी घेतली का, जेवलात का. त्याला हूं नाही तर काय म्हणू?"

"मग कोण विचारणार ते? घर कोण बघणार? झांकीच्या गोष्टी ऐकायला मला टाइम कुठे होता?"

"मी कुठे म्हणतोय तुझं चुकलं," बाबा म्हणाले. त्यांनी ते शांतपणे म्हटलं आणि तेच मला जास्त लागलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

आठ-पंधरा दिवसांनी ऑफिसात ती नवा कागद बघत होती. माझाच, गव्हाच्या पेरणीचा. "हे 'घबराएं नहीं' काढून टाकते मी आधीच," ती म्हणाली, "काकांना तो शब्द वाचायला लागू नये."

"का?" हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिच्या बोलण्यात असं गृहीत होतं की मला माहीत आहे. मी म्हटलं, "हो, काढून टाक."

"मिलच्या गेटवरचं त्यांनी सांगितलं मला, त्या दिवशी जिन्याखाली," ती म्हणाली. "किती वाईट झालं ना. मॅनेजरने कागद हातात दिला आणि यांनी तो भोंग्यावरून भरवशाने वाचला. मशीनं बदलायची आहेत, थोडे दिवस काम बंद, कोणी घाबरू नका. सगळे यांच्या आवाजावर विश्वास ठेवून घरी गेले. कोणी दुसरं काम धरलं नाही. आणि मग गेट उघडलंच नाही. तो शेजारचा साचेवाला रोज तुमच्या घराखाली येऊन उभा राहायचा म्हणे, काही न बोलता."

मला तो साचेवाला आठवला, मिलमध्ये मागावर काम करणारा. तो खाली का उभा राहतो ते मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं सावलीला थांबत असेल.

"हो," मी म्हटलं. "फार वाईट झालं."

मी तिला कळू दिलं नाही की मी हे पहिल्यांदा ऐकत होते. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बाबांबद्दल वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याच्यावर दुसरंच काही चढून बसलं होतं. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात जड ते त्यांनी उचलून तिच्या हातात दिलं होतं, काही महिन्यांच्या ओळखीवर. मी त्याच घरात, त्याच भिंतीआड, इतकी वर्षं राहत होते. घरी जाऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं. तुला कशाला सांगायचं, तू आधीच एवढं उचलून राहिली होतीस." बाबांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते तिच्याकडून कळलं हे त्यांना समजलं असतं.

पुढच्या सोयाबीनच्या काढणीला कंपनीकडून एक वेगळा कागद आला. तो मी लिहिलेला नव्हता. त्यात लिहिलं होतं की मंडीत जाऊ नका, तिथे वेळ जातो आणि वजनात मारतात. माल थेट कंपनीच्या गोदामावर आणा, भाव चांगला मिळेल, विश्वास ठेवा. तो बाबांच्या आवाजात हवा होता. ती तो घेऊन रविवारी घरी आली. तिचा चेहरा उतरला होता.

बाबांनी चश्मा लावून वाचला. "भाव चांगला मिळेल हे पक्कं आहे का?" त्यांनी तिला विचारलं.

"आत्ता तरी मिळतोय, काका."

"आणि पुढच्या वर्षी?"

"ते मी नाही सांगू शकत, काका."

"मग हे मी नाही वाचणार," बाबा म्हणाले. "इल्लीचं सांगीन, बियाण्याचं सांगीन. विश्वास ठेवा हे मी नाही सांगणार कोणाला."

मला वाटलं, आता बिनसेल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चक्क वाट पाहत होते. ती कंपनीची माणूस, तिची नोकरी त्यावर, ती गळ घालेल, बाबा चिडतील, आणि पुढच्या रविवारी कचोरी येणार नाही. पण तिने कागद घडी करून सॅकमध्ये ठेवला आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी त्यांना सांगते की काका नाही म्हणाले," म्हणाली. "मलाही ते आवडलं नव्हतं." मग दोघं बराच वेळ तसेच बसले. आईने चहा दिला. मी पीठ मळायला गेले आणि ते इतकं मळलं की आई म्हणाली, "पुरे, फाटेल ते."

तिने खरंच तसं कळवलं. कंपनीने दुसऱ्या कोणाच्या आवाजात तो कागद वाचून घेतला, शहरी हिंदीत, आणि सगळ्या भोंग्यांवरून लावला. आमच्या साहेबांनी वर तक्रार करायचं म्हटलं, मग केली नाही. भागीदारी होती, दुखवून कसं चालेल. लोकांनी काही दिवस ऐकलं. माल कोणी तिकडे नेला, कोणी मंडीत. पण संध्याकाळी भोंग्याखाली थांबायचं कमी झालं. काही महिन्यांत तिची बदली दक्षिणेत कुठेतरी झाली. ती म्हणाली, ठरलेलीच होती. मला तसं वाटलं नाही, पण मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी ती आमच्याकडे आली. आईच्या पाया पडली, बाबांच्या पडली, आणि मला मिठी मारली. "तुम्ही नसतात तर मला इथे घर मिळालं नसतं," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला ती आवडत होती, हेही खरं आहे. आणि ती रिक्शात बसून वळणाआड गेली तेव्हा माझा श्वास मोकळा झाला, हेही.

बाबा त्या दिवशी गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, गेले पुन्हा आत. पण तसं झालं नाही. ते रोज खाली उतरत राहिले. तिचे फोन यायचे शेजाऱ्यांकडे, रविवारी सकाळी. शेजारीण हाक मारायची आणि बाबा चपला न घालता जिना उतरायचे. तिने माझ्याबद्दलही विचारलं असं ते वर येऊन सांगायचे, न विसरता, जसा एखादा निरोप पोचवावा तसं.

नंतर माझी बदली देपालपूरकडे झाली. तिथे खात्याने दिलेल्या दोन खोल्या होत्या, मागे थोडी मोकळी जागा. आई-बाबांना मी बरोबर नेलं. शेजारी फोन नव्हता. पहिला आठवडा बाबा कंटाळले. मग एका सकाळी मी निघताना ते तयार होऊन दारात उभे होते. "आज कुठल्या गावाला जातेस?" त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं. "चल, येतो मी."

आम्ही बसने गेलो. हरभऱ्यात मर लागली होती. रोपं जागच्या जागी वाळत होती. मी शेतकऱ्याला दाखवत होते, मुळाजवळ चिरून आतला काळा पट्टा. बाबा बांधावर उभे राहून ऐकत होते. मधे बोलले नाहीत. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी विचारलं, "ते काळं कशाने होतं?" मी सांगितलं, मातीत बुरशी असते, वर्षानुवर्षं राहते. "मग काय करायचं?" मी तेही सांगितलं. असं आम्ही देपालपूर येईपर्यंत बोलत होतो. मग त्यांनी मिलची एक गोष्ट सांगितली, टाइम ऑफिसातल्या एका घड्याळाची, जे रोज मुद्दाम मागे केलं जायचं. मी ती पूर्वी ऐकली नव्हती. मी विचारलंही नाही की ही तिला सांगितली होती का.

ते माझ्याबरोबर बऱ्याच वेळा आले, गुडघे धरेपर्यंत. वाटेत बोलायचे, कधी खूप, कधी थोडं. माझ्याशी बोलावंसं वाटलं म्हणून, की देपालपूरला बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून, ते मला माहीत नाही. मी बसमध्ये त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरायचे आणि शेजारी दुसऱ्या कोणाला बसू द्यायचे नाही.